राखीव बाकावरचा थोराड गडी



पाऊस ओसरला की आमच्या किनारपट्टीवर कबड्डीचे दिवस येतात. आधी शाळांच्या स्पर्धा, मग गावोगावच्या मंडळांच्या रात्रीच्या, प्रकाशझोतातल्या स्पर्धा. बाहेरगावी असलेल्या नातेवाइकांचे फोन येतात आणि यंदा कोण जिंकलं याची चौकशी होते. कोण जिंकलं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला आज लिहायचं आहे ते मैदानाबाहेर बाकावर बसलेल्या एका गड्याबद्दल. बहुतेक प्रत्येक संघात तो असतो. अंगापिंडाने थोराड, आवाजाने हळू. मोठा म्हणून निवडलेला आणि मोठा आहे म्हणूनच जपून ठेवलेला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. थोराड गड्याला राखीव ठेवण्यात वाईट काही नाही. वाईट हे, की कशासाठी राखलं आहे ते ना त्याला ठाऊक असतं, ना ठेवणाऱ्याला. 'पहिला दमला की त्याच्याच मापाचा दुसरा' एवढाच हिशोब असतो, आणि हा हिशोब कबड्डीत चालतच नाही. का चालत नाही ते आता सांगतो. पटलं नाही तर भांडायला मोकळे आहात, माझी हरकत नाही.

पुण्यामुंबईत वाढलेल्या आमच्या भाचरांसाठी थोडं खेळाबद्दल. जाणकारांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. कबड्डीचा संघ बारा जणांचा. त्यातले सात मैदानात, पाच बाकावर. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. पण दोन्ही कडांना एकेक मीटरच्या लॉबी असतात आणि झटापट सुरू झाल्याशिवाय त्या खेळात धरत नाहीत. म्हणजे बचाव करणाऱ्यांनी राखायची रुंदी ८ मीटर. सात जण कमानीसारखे उभे राहतात. दोन टोकांना कोपरारक्षक, आतल्या बाजूला मध्यरक्षक, ज्यांना आमची पोरं 'कव्हर' म्हणतात. चढाई करणारा आत शिरून वळला की कोपऱ्यातला खाली वाकून त्याच्या पायावर जातो, पट काढतो. कव्हर पुढून किंवा बाजूने येतो, वाट अडवतो, छातीने धडक देऊन त्याला रेषेबाहेर घालवतो. धडक म्हटली की वजन आलं. म्हणून थोराड पोरगा दिसला की आपण डोळे मिटून त्याला कव्हरला उभा करतो. दशावतारी नाटकात धिप्पाड अंगाच्या नटाला राक्षसाचंच काम मिळावं, तसा हा प्रकार. त्याचा गळा गोड असेल, त्याला बोलणं चांगलं जमत असेल, पण विचारतो कोण!

कबड्डीतला 'थोराड' म्हणजे किती, हेही सांगायला हवं. इथे वजनाची मर्यादा असते. मोठ्या पुरुषांच्या गटात ८५ किलो, महिलांच्या गटात ७५ किलो. त्यामुळे आपला थोराड गडी म्हणजे कुणी डोंगर नव्हे. सहा फुटांच्या आसपास उंची, रुंद खांदे, ऐंशीच्या पुढे वजन, झालं.

आता हा विषय डोक्यात आला कसा? आमचा एक भाचा अमेरिकेत बोस्टनला असतो. त्याचा मुलगा तिथे शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. पोरगा वयाच्या मानाने ताडमाड वाढला आहे. गेल्या महिन्यात भाचा फोनवर म्हणाला, "मामा, याला राखीवच ठेवतात. पहिला उंच मुलगा दमला की याला आत घेतात, आणि हा आत आला की सगळा खेळ विस्कटतो. मग म्हणतात, उंची आहे पण उपयोग नाही. तुम्ही एवढी वर्षं पोरांना खेळवलंत, तुम्हाला काय वाटतं?"

बास्केटबॉल मी शिकवलेला नाही. पाहिलेला आणि वाचलेला आहे. पण प्रश्न ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. मी त्याला एवढंच विचारलं, "तो आत येतो तेव्हा त्याच्याबरोबर कोण कोण असतं?" भाचा थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "ते कधी पाहिलं नाही मामा." तिथेच सगळी गोम आहे.

कबड्डीतला एक नियम पाहा. बाद झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी घेता येत नाही. बाद झालेला बाहेर बसतो, आणि आपल्या संघाला गुण मिळाला की बाद झालेल्यांच्या क्रमाने एकेक जण आत येतो. बदली करायची तर मैदानात जिवंत असलेल्या गड्याच्या जागी करावी लागते. आता विचार करा. तुमचा पहिला थोराड कव्हर बाद होऊन बाहेर बसला. मैदानात चार उरले. तुम्हाला वाटलं, आता दुसऱ्या थोराड गड्याला आत घ्यावं. पण पहिल्याची जागा तर मोकळी नाहीच! दुसऱ्याला घ्यायचं तर उरलेल्या चारांतला कुणीतरी बाहेर काढावा लागणार. बहुधा एखादा चढाई करणारा. म्हणजे बचावाला वजन आलं, पण चढाईचा एक माणूस गेला. सोबतीला कोण? तर ज्यांच्याबरोबर याने सरावात कधी हातात हात घेतलेला नाही असे तिघे.

सांगायचं असं की राखीव थोराड गडी 'पहिल्याच्या जागी' फार क्वचित येतो. पहिला दमला किंवा दुखावला तरच. एरवी तो दुसऱ्याच कुणाच्या जागी, दुसऱ्याच सोबतीत, आणि बहुतेक वेळा संघ अडचणीत असताना येतो. हे नियमाने ठरलेलं आहे. तरीही आपण त्याला तयार करतो ते पहिल्याची नक्कल म्हणून.

दुसरी गोष्ट संख्येची. मैदानात सात असताना थोराड कव्हरचं काम सोपं असतं. दोन्ही बाजूंना माणसं असतात, साखळी असते, याने फक्त वेळेवर धडक द्यायची. संख्या घटली की काम बदलतं. सहापेक्षा कमी बचावपटू असले की समोरच्याला बोनस मिळत नाही, त्यामुळे गुण हवा असेल तर त्याला अंगाशी येऊन स्पर्श करावाच लागतो. तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली, तर तिला अव्वल पकड म्हणतात आणि एक गुण जास्तीचा मिळतो. डाव उलटवायची ती मोठी संधी. पण तिघांनी ८ मीटर रुंदी राखायची म्हणजे दोघांच्या मध्ये केवढी फट! अशा वेळी जो जागेवरून हलत नाही त्याच्याकडेच चढाई करणारा नेमका जातो. हात लावून, नाहीतर पाय मारून परत. उभी भिंत इथे कामाची नसते. दोन पावलं मागे सरून तिसरं पाऊल पुढे टाकणारा माणूस लागतो. वजन हवंच, पण ते हलतं हवं.

तालुक्याच्या एका स्पर्धेत पंच म्हणून पाहिलेलं सांगतो. शाळेचं नाव सांगत नाही. रापणकरांच्या वस्तीतला एक पोरगा, दहावीतला, अंगाने त्या संघात सगळ्यांत मोठा. तीन सामने बाकावर बसून होता. त्याची आई मासे विकून आलेली, पाटी बाजूला ठेवून मैदानाच्या कडेला उभी. तिने त्यांच्या शिक्षकांना विचारलंसुद्धा, "गुरुजीनु, आमचो झील खेळतलो कधी?" शेवटच्या सामन्यात, शेवटच्या काही मिनिटांत, संघाचे तीनच गडी उरले असताना त्याला आत घेतलं. दोन्ही बाजूंना लहानखुरे कोपरारक्षक. कोण आधी जाणार, कोण मागून येणार, काही ठरलेलं नाही. एक कोपरा आपल्या मनाने पायावर गेला, हा जागेवर राहिला, दुसरा मदतीला धावला. चढाई करणारा दोघांना घेऊन गेला आणि पुढच्या चढाईत लोण लागला. दोन गुण त्याचे. सामना गेला. सगळ्यांनी बोट दाखवलं ते त्या पोराकडे. "एवढा माडासारखा वाढला, पण उपयोग काय?" पुढच्या वर्षी तो मैदानावर दिसला नाही.

माझ्या मते त्या दिवशी तो खेळायला चुकला नव्हता. त्याला जे काम दिलं ते त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

आता मोठ्यांच्या खेळाकडे येतो, कारण आमची तरुण मंडळी गुरुजींचं ऐकत नाहीत, टीव्हीचं ऐकतात. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात यू मुम्बाने बंगळूर बुल्सला अंतिम सामन्यात ३६-३० असं हरवलं. त्या मुम्बाचा बचाव आठवा. कोपऱ्यांत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि आपला विशाल माने. लोक एकेकट्याचं नाव घेतात, पण पाहणाऱ्याला दिसायची ती जोडी. एकाने पाय धरला की दुसरा तिथे पोचलेलाच असायचा. माने एकटा कुठल्या तरी अनोळखी तिघांत उभा केला असता तर तोच माने तितकाच धोकादायक वाटला असता का? मला शंका आहे.

पुढे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्या संघात मोहम्मदरझा शादलू हा इराणी गडी होता. अंगाने थोराड, जागा डाव्या कोपऱ्याची. म्हणजे थोराड माणूस कव्हरलाच हवा हा समज तिथेच मोडला. शिवाय तो चढाईलाही जायचा. मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नदराजन, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. त्या संघाकडे पाहताना मला सारखं वाटायचं, की कुणी आत आला, कुणी बाहेर गेला तरी खेळाची घडी मोडत नाही. हे नशिबाने होत नाही. सरावात ज्याने त्याने ज्याच्या त्याच्याबरोबर उभं राहिल्याशिवाय होत नाही.

आणि थोराड गड्याला चढाई जमत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव पुरे आहे. सिद्धार्थ देसाई. दोडामार्गहून तिलारीचा घाट चढून गेलं की चंदगड, त्या चंदगड तालुक्यातला हा पोरगा. २०१८ च्या हंगामात यू मुम्बाकडून चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले. लोकांनी त्याचं नावच 'बाहुबली' ठेवलं. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. चार जण अंगाला चिकटलेले असताना त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत हात नेणं, हे वजन असल्याशिवाय जमणारं काम नाही. लहानपणी कुणी गुरुजींनी "तू मोठा, तू कव्हरला उभा राहा" म्हणून त्याला कायमचा तिथेच ठेवला असता, तर हे काही झालं नसतं.

आता भाच्याच्या बास्केटबॉलकडे. तिथे पाच जण खेळतात आणि खेळ थांबला की हवी तितकी अदलाबदल करता येते. बाद होऊन पुन्हा आत येण्याची आपली भानगड तिथे नाही. त्यामुळे बाकावरच्या मंडळींचा आपला एक वेगळा संघच असतो म्हणा ना. भाच्याच्या बोस्टनच्याच सेल्टिक्स संघाचं १९८५-८६ सालचं उदाहरण घ्या. रॉबर्ट पॅरिश सात फूट, केव्हिन मॅकहेल सहा फूट दहा इंच, लॅरी बर्ड सहा फूट नऊ इंच. उंचीची काही कमी नव्हती. तरी त्यांनी बिल वॉल्टन हा सहा फूट अकरा इंचांचा गडी घेतला आणि बाकावर बसवला. हा वॉल्टन साधासुधा नव्हता. १९७८ साली तो अख्ख्या एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मग पायाच्या दुखण्यांनी त्याची वर्षंच्या वर्षं खाल्ली. असा माणूस बाकावर! पण त्याला पॅरिशची नक्कल म्हणून ठेवलं नव्हतं. त्याचा खरा गुण चेंडू देण्याचा. तो आत आला की चेंडू त्याच्या हातातून फिरायचा आणि बाकीचे धावत सुटायचे. म्हणजे तो आला की संघ वेगळा खेळ खेळायचा. त्या वर्षी संघाने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, विजेतेपद मिळवलं आणि सर्वोत्तम राखीव खेळाडूचं बक्षीस वॉल्टनला मिळालं. त्याआधीची दोन वर्षं तेच बक्षीस मॅकहेलला मिळालं होतं. बाकावर बसणं म्हणजे कमीपणा नव्हे, याला याहून मोठा पुरावा कुठला देऊ?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी लिहिल्यासारखं होईल. २०१५ सालच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडपुढे १-२ असे मागे पडले होते. चौथ्या सामन्याला त्यांनी अँड्र्यू बोगट या आपल्या सातफुटी गड्याला बाकावर बसवलं आणि आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीपासून घेतलं. उंची गेली, पण वेग आला. पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इग्वाडाला ठरला. तेव्हा मोठा माणूस आत हवाच, असा माझा हट्ट नाही. कधी त्याला बाहेर काढणं हेच शहाणपण असतं. म्हणणं एवढंच, की आत घेताना आणि बाहेर काढताना दोन्ही वेळा बाकीच्यांकडे पाहून ठरवा. एकट्याच्या मापाकडे पाहून ठरवू नका.

नुसत्या उंचीने दार उघडतं, घर मिळत नाही. पंजाबचा सतनामसिंग सात फूट दोन इंचांचा. २०१५ साली एनबीएच्या निवडीत डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. असा निवडला गेलेला पहिला भारतीय. साऱ्या देशाला आनंद झाला. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. कारणं अनेक असतील. मला त्यातून घ्यावासा वाटतो तो बोध एवढाच, की निवड शरीराची होते आणि जागा कामाला मिळते.

आता आमच्या शाळांतले तरुण शिक्षक काय म्हणतील ते मला माहीत आहे. काहींनी तोंडावर म्हटलंही आहे. "गुरुजी, इथे सात नीट तयार होत नाहीत, बाकावरच्या पाचांना कुठे तयार करत बसू? सरावाला तास मिळतो तो शाळा सुटल्यावर, पोरांना एसटी गाठायची असते. आणि शाळेत थोराड पोरगा असतो तोच मुळात एखादा." त्यांची अडचण खरी आहे. मीही त्याच शाळांतून नोकरी केली आहे. पण त्यांच्याच बोलण्यातून उत्तर निघतं. थोराड पोरगा एकच असेल, तर त्याला पहिल्यापासून दमवून टाकण्यापेक्षा कधी आत घ्यायचा, कुणाबरोबर घ्यायचा हे ठरवणं जास्त महत्त्वाचं नाही का? आणि वेळेचं म्हणाल, तर रोजची दहा मिनिटं पुरतात. आमच्याकडे आम्ही करायचो ते असं. बाकावरचे पाच आणि सातांतले कुठलेही दोन, असे सात उभे करायचे आणि उरलेल्या पाचांनी त्यांच्यावर चढाया करायच्या. रोज ते दोन बदलायचे. आठवड्याभरात प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर उभा राहून होतो. मग तीनच गडी ठेवून तोच खेळ. जिल्ह्याचं अजिंक्यपद काही आम्हाला यातून मिळालं नाही. पण बाकावरून उठून आत जाणारा पोरगा इकडेतिकडे पाहत जायचा नाही, हे मात्र नक्की.

थोराड पोराला आणखी दोन गोष्टी शिकवाव्यात असं मला वाटतं. एक, मागे सरकणं. पुढे धडक द्यायला त्याला शिकवावं लागत नाही, मागे कसं जायचं ते शिकवावं लागतं. दुसरी, चढाई. गुण आणायची नाही तर नाही, निदानरेषा ओलांडून सुखरूप परत यायची तरी. कारण चढाईवाले सगळे बाद होऊन बाहेर बसलेत आणि आत दोन पकडवाले उरलेत, अशी वेळ प्रत्येक संघावर येते. तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तो वेळ काढता आला पाहिजे. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. हे गणित थोराड गड्यालाही पाठ हवं.

आता यातला मला सगळ्यांत टोचणारा भाग. वजनाची मर्यादा लहान गटांनाही असते. किशोर गटाला वर्षानुवर्षं ५५ किलो, कुमार गटाला ७० किलो असा हिशोब चालत आलेला. वाढत्या वयाचं थोराड पोर, ते मर्यादेच्या किलो-दोन किलो वर जातं. मग स्पर्धेच्या आधी दोन दिवस त्याचं जेवण बंद, पाणी मोजून, अंगात जाड कपडे घालून उन्हात धावायला लावायचं. वजनकाट्यावर उतरला की हुश्श! आणि एवढं करून त्याला बसवायचं कुठे, तर बाकावर. उपाशी पोर बाकावर बसवायचं आणि शेवटच्या मिनिटाला भिंत हो म्हणायचं, याला मी खेळ म्हणत नाही. बसत नसेल वजनात तर सरळ वरच्या गटात खेळवा. तिथे तो लहान ठरेल, मार खाईल, पण जेवून खेळेल.

मुलींच्या बाबतीत हे आणखी अवघड. थोराड मुलीला आधीच घरीदारी टोमणे असतात. ती खांदे पाडून, अंग चोरून उभी राहते. कबड्डी हा एक खेळ असा आहे जिथे त्याच अंगाचं कौतुक होऊ शकतं. तिथेही आपण तिला "जाड आहे, मध्ये उभी कर" म्हटलं, तर तिने जायचं कुठे?

हे सगळं नुसत्या ढालीसाठी नाही. खेळातून पोलीस, रेल्वे, बँक अशा नोकऱ्या लागलेली मुलं या किनाऱ्यावर घराघरांत आहेत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मासेमारी पूर्वीसारखी राहिली नाही, हे मी मालवणकरांना सांगायला नको. शरीराने धडधाकट पोराला जी एक वाट उघडी असते, ती त्याला आपण 'उपयोग नाही' म्हणून शाळेतच बंद करतो. म्हणून एवढं लिहावंसं वाटलं.

रापण ओढताना कधी पाहिलं असेल तर आठवा. होडी जाळं घेऊन समुद्रात वळसा घालते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन्हीकडे माणसं लागतात. म्हातारे, पोरं, बाया, धडधाकट गडी. जाणता माणूस सगळे ताकदवान एकाच दोराला लावत नाही. लावले तर एक बाजू पुढे येते आणि मासळी दुसऱ्या बाजूने निघून जाते. कोण कुठे ओढतोय आणि त्याच्या मागे कोण आहे, हे पाहत तो हाका घालत असतो. संघ उभा करणाऱ्यानेही एवढं केलं तरी पुष्कळ.

यंदाच्या स्पर्धांना तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, तर एक काम करा. खेळणाऱ्या सातांकडे सगळेच बघतात. तुम्ही थोडा वेळ बाकाकडे बघा. तिथला सगळ्यांत थोराड पोरगा किंवा पोरगी आत गेली की तिच्या दोन्ही बाजूंना कोण उभं आहे ते पाहा. त्यांनी न सांगता एकमेकांचे हात धरले, तर समजा की त्या शाळेत कुणीतरी शिकवतंय.

असो. बरंच लांबलं. सगळ्यांनी तब्येती सांभाळा.